सहावा टाक

१४ सप्टेंबर
वारा शून्य. आकाश मळकट, उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला जास्तच. समुद्र: नाही.
(सवय. रायपुरात परत येऊन तीन वर्षं झाली तरी तारखेखाली हात आपोआप वारा लिहितो. इथे तेलीबांधा तलावाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. मी काही बोलत नाही.)

सकाळी माजी सैनिकांच्या मंडळातून फोन. ४ डिसेंबर, नौसेना दिवस, कार्यक्रम. ह्या गावात फौजेतले पुष्कळ, नौसेनेतला म्हातारा म्हणजे मी एकटाच उरलोय. "सर, सारे मेडल पहनकर आइएगा."

सारे! पेटी उघडली. पदकांची पट्टी काढली. सगळी आहेत, शेवटची जागा रिकामी. परदेशी पदक शेवटी लावायचं असतं, तसा नियम आहे. ते राणीच्या दौऱ्याचं.

तेव्हा मी सब-लेफ्टनंट, मिशी नीट फुटायची होती. परदेशची राणी आपल्या किनाऱ्याला आली, आमचं जहाज तिच्या सोबतीला. जे जे पितळी होतं ते आम्ही घासून घासून पातळ केलं. धक्क्यावर शिडीच्या तोंडाशी मी उभा, पांढरे हातमोजे घालून. उतरताना ती माझ्या हाताचा आधार घेईल की नाही यावर वरच्या लोकांची दोन दिवस चर्चा. घेतला नाही. पुढच्या वर्षी तिच्याकडून पदकं आली, मोजकीच. शिडीवाल्याला एक मिळालं. चांदीचं, वर तिचा मुखडा, कडेला माझं नाव कोरलेलं.

सुलभाने मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या धक्क्यावर. वडील गोदीत इंजिनिअर, ते घेऊन आले होते पोरीला. जन्मभर सांगायची, "राणी बघायला गेले आणि राणी दिसलीच नाही." बाकीची पदकं लढाईची, नाहीतर नोकरीची वर्षं भरल्याची. हे एकच असं, की त्या दिवशी कुणी मेलं नाही आणि ती होती.

ठेवायला आईकडे दिलं होतं, एवढं पक्कं आठवतं. पुढे बदल्यांत कुठेतरी हरवलं असं सुलभा म्हणायची. ती असताना शोधलं नाही. आता शोधतोय. मूर्ख.

१६ सप्टें.
वारा शून्य. माळ्यावरचे डबे, बाबांची लोखंडी पेटी, सगळं पाहिलं. शिंका. पदक नाही.

बंडू असता तर त्याला विचारलं असतं. धाकटा, पण घरात कुठे काय आहे ते त्यालाच ठाऊक. तो गेल्यापासून हे घर त्याची मालूच चालवते, आणि मी खालच्या खोलीत भाडं न देणारा भाडेकरू. शेवटी मालूलाच विचारलं. ती कणीक मळत होती.

"कोणतं मेडल, भाऊजी? तुमच्याजवळ तर डबाभर आहेत."
"राणीचं. आईजवळ होतं."
"आईले जाऊन किती वर्षं झाली," म्हणाली, आणि कणकेत पाणी जास्त पडलं.

२१ सप्टें. सर्वपित्री
दुपारपर्यंत उकाडा. मालूने पानं वाढली. आई, बाबा, बंडू, सुलभा. आणि आणखी एक.

"हे कोणाचं?"
"घरची रीत आहे."

वडाभात, अळूची भाजी, लिंबाचं लोणचं. चार पानांवर कढी, पाचव्यावर नाही. श्राद्धाला कढी नाही असं पान मी पहिल्यांदा पाहिलं. कढी न खाणारा आमच्या घराण्यात मी सोडून आणखी कोण होता कोण जाणे. गच्चीवर ठेवली तर कावळा पहिल्यांदा त्याच पानावर उतरला. मी म्हटलं, बघ, ह्याची इच्छा काही राहिलेली नाही. मालू हसली नाही. खाली निघून गेली.

२२ सप्टें. घट बसले
मालूच्या मुलाला, प्रमोदला, पहाटेच कारखान्यातून बोलावणं, भट्टी बंद पडली म्हणे. मग पूजेला कोण? मी म्हटलं, मी बसतो. घरातला थोरला आहे. मालू एकदम "नको नको" म्हणाली.

"काहून?" (माझ्या तोंडून काहून! आई गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.)
"तुम्ही घटापुढं बसा. देव मी पाहून घेते."

देवांच्या चांदीच्या टाकांवर तिने आधीच लाल फडकं घातलं होतं. समजलो. जन्म बोटीवर गेला, तिथे काय खाल्लं काय प्यायलं याचा हिशेब देवाजवळ असणारच. वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. ह्या घरात माझी जागा पाहुण्याची आहे. नीट चहा देतात, पण देवाला हात लावू देत नाहीत.

२ ऑक्टोबर. दसरा
वारा—

क्रमाने लिहितो.

सकाळी देव उठले. मालू शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाकडे तरी सोनं द्यायला गेली. शस्त्रपूजेसाठी मी पदकं घासत बसलो होतो. हाताशी चिंच होती, वेळ होता, वाटलं टाकही घासून ठेवू. निदान घासू तरी देतील! भोसल्यांच्या लष्कराबरोबर आलेलं आमचं घराणं. देवघरात भवानी, खंडोबा, बालाजी, आणि लढाईत गेलेल्या दोन पुरुषांचे टाक, त्यांना आम्ही वीर म्हणतो. पाच. लहानपणी मी मोजलेले.

सहा निघाले.

सहावा गोल. त्यावर बाई, पण नाक झिजून सपाट, मुगुटाची नुसती रेघ. कुंकू खोलवर बसलेलं. तांब्याच्या पत्र्यावर बसवलाय. कडेवरून अंगठा फिरवला तर अक्षरं लागली. चष्मा पुसला. माझं नाव.

सापडलं!

मग हसूच आवरेना. आईने राणीला देवी केलं! इतकी वर्षं परदेशच्या राणीला हळदीकुंकू, नैवेद्य, आरती. सुलभाला केव्हा सांगतो असं झालं, आणि ती नाही हे मागाहून आठवलं. मालू दारात आली तेव्हाही मी हसतच होतो.

"काहून हसून राहिले, भाऊजी?"
"अगं, आईने राणीची भवानी केली की!"

ती उंबऱ्यावरच थांबली. हातातली आपट्याची पानं पडली.

"ती राणी नाही, भाऊजी. ते तुम्ही आहात."

३ ऑक्टो.
काल पुढे लिहवलं नाही.

मालूने सांगितलं ते असं. युद्धाच्या वेळी आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी रेडिओवर लागली. त्याच जहाजावर मी होतो, पण थोड्याच दिवसांपूर्वी माझी बदली दुसऱ्यावर झाली होती. बदलीचं पत्र घरी पोचायचं होतं. तार काही आली नाही. बाबा म्हणत होते थांब. आई थांबली नाही. लढाईत गेलेल्याचा टाक करायचा ही घरची रीत. माझ्या अंगावरचं चांदीचं असं घरात एकच होतं, आणि त्यावर माझं नाव. तिने सोनाराकडून वरची कडी कापून घेतली, गुरुजींना बोलावलं, प्रतिष्ठा केली. मला देवघरात बसवलं.

मग माझं पत्र आलं. आई रडली, पुरणपोळी केली, पारा गोळा केला. पण टाकाचं काय? एकदा प्रतिष्ठा केलेला टाक उचलायचा तर खारून नदीत सोडायचा. पोराचा टाक, आणि पोरगा जिता! तिच्याने होईना. गुरुजींनाही सांगता येईना. मग आईनेच ठरवलं. नंतर मालू लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगून ठेवलं: "राहू दे त्याले तिथंच. न्यायले यम आला तर त्याले वाटन, ह्या घरचा थोरला नेऊन झाला."

म्हणजे मी ह्या घरात मेलेला आहे. बिनकढीचं पान माझं. कावळ्याने उचललं तेही माझं. दरवर्षी सुट्टीवर आलो, देवघराला हात जोडले, तेव्हा स्वतःलाच नमस्कार करत होतो आणि आई मागे उभी असायची. कधी बोलली नाही. मलाही कधी दिसलं नाही. तेल, कुंकू, फुलं, आणि मी तोंडदेखला हात जोडणारा.

हसू येत नाही. रागही नाही. आईची फार आठवण येते आहे.

५ ऑक्टो.
प्रमोद घरी होता. त्याला सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मराठी त्याला सगळी कळते, बोलतो हिंदी. "बड़े पापा, आपका मेडल है, निकाल लीजिए. सदर बाज़ार में कड़ी जोड़ देंगे, आधे घंटे का काम है."

बरोबरच आहे की. हे पदक आहे. माझं आहे. ४ डिसेंबरला ते छातीवर पाहिजे. सुलभाच्या दिवसाचं दुसरं काहीच माझ्याजवळ नाही, त्या दिवसाचा फोटोसुद्धा नाही.

मालू ऐकत होती. "घेऊन जा," म्हणाली. "मी कोण नाही म्हणणारी?"

तिच्या आवाजावरून कळलं की नको.

९ ऑक्टो.
वारा हलका, उत्तरेचा. थंडीची चाहूल.
घेतलं. सकाळी तिच्यासमोर उचललं, पत्र्यावरून सोडवलं, पट्टीवर शेवटच्या जागी नुसतं ठेवून पाहिलं. नाक नसलेली राणी. छान दिसते.

मालूने पूजा केली. एकेका टाकावर कण्हेरीचं फूल ठेवत गेली, पाच झाली, आणि सहावं हातात राहिलं. कुठे ठेवावं कळेना तिला. मग ते केसात माळावं तसा हात वर गेला आणि परत खाली आला. विधवा बाई. फूल तुळशीत टाकलं. मी वर्तमानपत्र पुढे धरलं होतं.

१२ ऑक्टो.
न्हाणीघरात चक्कर. पडलो नाही, नळ धरला. प्रमोदने इथल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर: वय झालं, पाणी कमी पिता, उभं राहताना सावकाश. बस. परत आलो तर टेबलावर पट्टी, आणि शेवटची जागा रिकामी. राणी देवघरात. वर ताजं फूल.

भडकलो. इतका आवाज ह्या घरात मी कधी चढवला नव्हता. म्हटलं, हा अडाणीपणा आहे, चक्कर कुणालाही येते, मी जिवंत माणूस आहे, मला मेलेल्यांत बसवू नका.

मग ती म्हणाली (जसंच्या तसं लिहितो):

"तुम्ही समुद्रावर होते, भाऊजी. माझा घरात होता, डोळ्यापुढं होता. तो गेला. तुम्ही राहिले. तेराव्यानंतर पहिली पूजा मी केली. मनात आलं, आज सहावं फूल नाही ठेवत, पाहू काय होते. मनात आलं, खोटं नाही बोलत. तरी ठेवलं. अन् तुम्ही मले अडाणी म्हणता."

पट्टी पेटीत ठेवून दिली.

१३ ऑक्टो.
दिवसभर खोलीत.

मला वाटत होतं की मी भाडं न देणारा भाडेकरू. इथे एक बाई लग्न होऊन आल्यापासून रोज माझ्या जिवासाठी उभी आहे, आणि मला पत्ता नाही. वर्षाला दिवाळीचं एक कार्ड पाठवत होतो. "सौ. मालूस आशीर्वाद." आशीर्वाद! मी तिला!

त्यात काही तथ्य आहे असं मी मानत नाही. पण जहाजावर रात्रभर क्षितिजाकडे बघत उभा राहणारा खलाशी असतो, त्याला बहुतेक रात्री काहीच दिसत नाही. म्हणून तो उगाच उभा होता असं कुणी म्हणत नाही.

२० ऑक्टो. लक्ष्मीपूजन
पहारेकरी बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही. बदली येतो आणि मोठ्याने म्हणतो, पहारा माझ्याकडे. तेवढं म्हटल्यावर आधीच्याने जाऊन झोपायचं. मालूला बदली आलीच नाही.

आज पूजेआधी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मालू, उद्यापासून सहावं फूल मी ठेवतो."
"स्वतःच्याच टाकावर?"
"हव."
"भाऊजी, अशानं कसं होईन? वीर स्वतःच उठून स्वतःची पूजा करते का?"

आणि हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. प्रमोद विचारत होता, "क्या हुआ, क्या हुआ?" कुणी सांगितलं नाही. मग खरंच रडली. मी उभाच. अशा वेळी काय करायचं ते सुलभाला यायचं.

२१ ऑक्टो.
पहिलं फूल ठेवलं. अवघडल्यासारखं झालं. मालू मागे उभी राहून बघत होती, नवीन पोराचं काम वरिष्ठ बघतो तसं. "थोडं डावीकडं. तोंड झाकते."

६ नोव्हेंबर
वारा उत्तरेचा. सकाळी शाल लागते.
फूल रोज. सवय झाली. हात लावताना आईचा अंगठा आठवतो, राणीचं नाक तिनेच झिजवलं असणार. निम्मं मालूने.

मंडळाचा फोन पुन्हा. हो म्हटलं. पदकाचं बोललो नाही.

१४ नोव्हें.
प्रमोद परत सोनाराचं विचारत होता. म्हटलं, राहू दे, पट्टी आहे तशीच लावीन. "एक जगह खाली दिखेगी." दिसू दे. लोक विचारतील तर सांगेन, शेवटचं घरी ड्यूटीवर आहे.

हे मी सहज बोललो. पण संध्याकाळपासून मन खट्टू आहे. सुलभा, तुझा दिवस मी देवघरात सोडून चाललोय. दुसरीकडे मालूची सगळी वर्षं. माझ्याजवळ दोन्हींसाठी मिळून एकच चांदीचा तुकडा आहे.

२७ नोव्हें.
मालूने एकदम विचारलं, भाजी निवडताना. "सुलभाताईनं तुम्हाले कुठं पाहिलं होतं म्हणता?" सांगितलं. धक्का, हातमोजे, राणी दिसलीच नाही हेसुद्धा. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. दोघी जावा, पण भेटल्या त्या लग्नाकार्यात आणि तेराव्यांना.

मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे ताईचंच आहे ते," म्हणाली.

३ डिसेंबर
कोट इस्त्री. बूट मीच चमकवले, अजून जमतं. पट्टी लावून आरशात पाहिलं. शेवटची जागा रिकामी.

एक गोष्ट डोक्यात आली, लिहून ठेवतो. मी जाईन तेव्हा ह्या घरात काहीही बदलावं लागणार नाही. टाक आहे, पान आहे, कढी नको हे माहीत आहे. आईची घाई झाली होती एवढंच. भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. कुठे जायचं ते घर ठरलेलं आहे.

४ डिसेंबर
वारा मंद. आकाश आज चक्क निळं.
कोट घालून लिहायला बसलोय, कारण ठरत नाही.

देवघरात गेलो तर पाच टाक मांडलेले. सहावा मालूच्या हातात. पत्र्यावरून सोडवलेला, स्वच्छ घासलेला, आणि कापलेल्या कडीच्या जागी बारीक भोक पाडून चांदीची नवी कडी. सदर बाजारला कधी गेली होती कुणास ठाऊक, प्रमोदलाही माहीत नाही. माझ्या तळहातावर ठेवलं.

"घाला. ताईले दिसू द्या."
"आणि संध्याकाळी?"
"ते तुम्ही पाहा. आता पहारा तुमचा आहे न."
"तुला भीती नाही वाटत?"
"वाटते," म्हणाली. "काल रात्रभर वाटून राहिली होती. तरी कडी लावूनच आणली."

पदक घेऊन खोलीत आलो आणि ही वही उघडली.

बाहेर प्रमोद हॉर्न वाजवतोय. पट्टी समोर आहे. लावलं तर शेवटची जागा भरते. पण फूल अजून ठेवायचं आहे, आणि ते ठेवायचं तर ह्याच्यावरच. डाव्या हातात पदक, उजव्या हाताशी कण्हेर.

मालू दारात आली आहे. प्रमोदला थांब म्हणून ओरडून सांगितलं तिने, आणि आता चौकटीला टेकून उभी आहे.

"सावकाश होऊ द्या, भाऊजी," म्हणते. "तोवर मी आहे उभी."